बाप मुराळी

तो तांबडा तुकडा दिसला ना? दिसणारच. इथं आलेला पाहुणा आधी तळ्याचा फोटो काढतो, मग बांधावरून चालत त्या टोकाला जातो आणि परत येऊन मला विचारतो, "मामा, सगळा बांध काळ्या दगडाचा, मग तिथं एवढंच जांभ्या दगडाचं ठिगळ कशाला?" कुणी स्वतःच उत्तर देऊन मोकळं होतं, की कंत्राटदारानं घोळ केला असेल. कंत्राटदार जन्माला यायच्या आधीचं आहे ते, बाबांनो.

मी शिदू गुरव. या बांधावरच्या देवळाची दिवाबत्ती आमच्या घराकडे. देऊळ म्हणजे तरी काय, चार दगड आणि वर पत्रा. आत देवही नाही. आत एक माणूस उभा आहे, उघड्या डोक्याचा, अनवाणी, आणि त्याचं तोंड तळ्याकडे नाही, खाली ओढ्याकडे आहे. बसा त्या कट्ट्यावर. घाई असेल तर आत्ताच जा, पण अर्ध्यात उठू नका. मागं एक मंडळी अशीच अर्ध्यातून उठून गेली आणि त्यांनी मोबाईलवर भलतंच काहीतरी लिहून टाकलं, की इथं राजानं लेकीचा बळी दिला. ऐकून माझी बायको दोन दिवस धुसफुसत होती.

आधी जागा नीट बघून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. बांधाच्या या टोकाला, आपल्या पायाखाली, सांडवा आहे. तळं भरलं की जास्तीचं पाणी या वाटेनं बाहेर पडतं आणि ओढ्याला लागतं. ओढा खाली घळीत शिरतो. दोन्ही बाजूंना सरळ कडे, चढायला वाट नाही, आणि घळ संपली की पाणवडे गाव. आता त्या टोकाला बघा, तांबड्या दगडांच्या खाली. तिथं खोलगट जागा आहे, आज नुसतं गवत. मधे टेकडीची सोंड आल्यामुळं ती बाजू निराळी आणि ओढ्याची बाजू निराळी. त्या खोलगट जागेत राजाचा वाडा होता, पेठ होती, घोड्यांच्या पागा होत्या, असं सांगतात.

राजाचं नाव भैरदेव. माणूस वाईट नव्हता हो. हे तळं त्यानंच बांधलं. डोंगरावर इतका पाऊस पडून उन्हाळ्यात बायकांना डोकीवर पाणी वाहावं लागतं, हे त्याला बघवेना. माणसं लावून, स्वतः बांधावर उभं राहून त्यानं हे काम केलं. पण एक खोड होती. केलेलं काम आपण केलंय, हे दुसऱ्यानं सारखं बोलून दाखवावं असं त्याला वाटायचं. कुणी नुसतं "यंदा तळं छान भरलंय" म्हणालं की तो म्हणायचा, "कुणाचं तळं?" मग समोरच्यानं "महाराजांचं" म्हणायचं, तेव्हा कुठं गडी खूश. वाडा बांधायला निघाला तेव्हा जाणत्यांनी हात जोडून सांगितलं, की बांधाच्या खाली घर नको. तर म्हणे हसला आणि म्हणाला, "माझं पाणी मलाच बुडवेल होय?" आणि खोलगटातच वाडा उठवला.

त्याला एकच लेक, पोवळा नावाची. मुलगा नव्हता आणि त्याचं त्याला काही वाटतही नव्हतं, इतका त्या पोरीत जीव. दरबार भरलेला असताना ती येऊन मांडीवर बसायची आणि त्याचा शिरपेच काढून आपल्या डोक्याला लावायची, तरी हा हूं की चूं करत नसे. ती लग्नाची झाली तेव्हा मोठमोठ्या घराण्यांतून मागण्या आल्या. यानं सगळ्या परतवल्या आणि पाणवड्याच्या अंतोजी नाइकाच्या मुलाला पोरगी दिली. नाइकाचं घर चांगलं, खाऊनपिऊन सुखी, पण राजाच्या तोलाचं नव्हे. लोकांना नवल वाटलं. राणी गुणाईला मात्र कारण ठाऊक होतं. बांधावर उभं राहिलं की पाणवडे दिसतं, संध्याकाळी अंगणातले दिवे दिसतात. लेक दूर दिली तर तिचा दिवा दिसायचा नाही, एवढंच कारण.

आता घोळ झाला तो लग्नात. आपल्याकडं व्याहीभेट असते, तुम्हाला माहीतच आहे. दोन्ही व्याही समोरासमोर येतात, गळाभेट घेतात. मुलीच्या बापानं चार पावलं जास्त चालावीत, तो वरपक्षाचा मान. नाईक आपल्या जागी उभा राहिला, रीतच होती ती. आणि राजा आपल्या जागी उभा राहिला, कारण तो राजा होता. कुणी हलेना. वाजंत्री वाजवून वाजवून दमले, पंगतीतला भात निवला, पोवळा बिचारी मुंडावळ्या सावरत एकदा बापाकडे बघे, एकदा सासऱ्याकडे. शेवटी भटजीच म्हणाले, "झाली हो व्याहीभेट, पानं घ्या." झाली कुठली. दोघं तसेच फिरले आणि आपापल्या माणसांत जाऊन बसले.

राजाच्या मनात ते सलत राहिलं. पोरीला लहान घरात दिली ती स्वतःच्या सुखासाठी, आणि ते घर लहान असून वाकत नाही म्हणून राग त्याच घराचा. असं असतं बघा काही माणसांचं. पावसाळ्यात तळं भरलं, सांडवा वाहायला लागला, पाणी खाली पाणवड्याच्या भातखाचरांत जाऊ लागलं. राजा बांधावर उभा होता. म्हणाला, "माझं पाणी पिऊन भात पिकवतो आणि माझ्याच पुढं ताठ उभा राहतो काय? येऊ दे आता मागायला." आणि पाथरवट बोलावून त्यानं सांडवा चुन्या-दगडात बुजवून टाकला.

गुणाई राणी बोलली. ती काही दबून राहणारी नव्हती. म्हणाली, "अहो, त्याच पाण्यावर आपली पोवळा जेवते, हे तरी ध्यानात घ्या."

राजा म्हणाला, "तिला कमी पडलं तर ती सांगेल. बापाला सांगायला लाज कसली?"

पण पोवळा त्याचीच लेक. तिनं शब्दानं सांगितलं नाही. ओढा आटला, पाणवड्याची खाचरं करपली, राजाची मुलगी डोंगरापलीकडच्या झऱ्यावरून घागरी आणू लागली, आणि माहेरचं कुणी भेटलं की म्हणायची, "सगळं छान आहे, आबांना सांगा."

पंचमीचा सण आला. सासरी गेलेल्या लेकीला माहेराहून न्यायला माणूस येतो, त्याला मुराळी म्हणतात. भाऊ येतो, भाऊ नसला तर चुलतभाऊ. पोवळाचे चुलतभाऊ तयार होऊन बसले होते. राजानं त्यांना जाऊ दिलं नाही. नाईक आधी येऊ दे, पाणी मागू दे, मग मुराळी जाईल. आणि तिकडं नाईक म्हणे, मुराळी आल्याशिवाय सून पाठवणं आमच्या घरात नाही. पंचमी गेली, दिवाळी गेली. दोन्ही घरची पुरुषमाणसं आपापल्या ओसरीवर बसून राहिली आणि मधल्यामधे ती पोर दारातल्या वाटेकडे बघत राहिली.

मग बातमी आली की पोवळाला दिवस गेलेत. पहिलं बाळंतपण माहेरी. राजानं काय केलं असेल? सागवानी पाळणा करायला टाकला. त्याला पोपट, मोर, सगळं कोरून घेतलं. रोज सुताराच्या कामावर जाऊन बसायचा, "टोकं घासून घे रे, बाळाला लागेल." आणि मुराळी? तो नाही. संध्याकाळी बांधावर जाऊन पाणवड्याचा दिवा लागेपर्यंत उभा राहायचा आणि दिवा दिसला की मुकाट्यानं घरी यायचा. गुणाई म्हणायची, "एवढं उभं राहता, तर तेवढ्यात जाऊन आला असतात." तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. मला विचाराल तर, या राजाचा राग येतो तसा त्याचा कळवळाही येतो. आत माया एवढी भरलेली आणि ती बाहेर काढायची वाट त्यानं स्वतःच्या हातानं चिणलेली.

त्या वर्षी पाऊस लवकर उघडला म्हणून बांध निभावला. दुसरा पावसाळा लागला. पोवळाचे दिवस भरत आले. तेव्हा तिच्या सासूनं एक दिवस सकाळी तिला जेवू घातलं, आपली घोंगडी तिच्या खांद्यावर टाकली आणि म्हणाली, "तू जा गं बाई आईकडं. या दोघांना आपला मान उराशी धरून बसायचं असेल तर बसू देत." घरची एक म्हातारी मोलकरीण सोबत दिली. डोंगरवाटेला चिखल, पाय ठरेना. पण ओढ्यात पाणीच नव्हतं, घोट्याएवढी धार काय ती. म्हणून दोघी घळीतून निघाल्या. सरळ, सपाट वाट. त्यात चूक काही नव्हती.

त्याच दुपारी राजाला बांधावर बोलावणं आलं. पाऊस कोसळत होता. सांडवा बंद, पाण्याला जायला जागा नाही. तळं काठोकाठ आलं होतं आणि बुजवलेल्या सांडव्याच्या बाजूनं बांध पाझरायला लागला होता. आधी पाणी नितळ येत होतं, मग गढूळ यायला लागलं. म्हणजे आतली माती निघाली. पाथरवटांनी बघितलं आणि माना खाली घातल्या. सांडवा आता उघडायला जावं तर इथला दगड हलताच सगळा बांध याच टोकाला सुटणार, आणि नाही उघडला तरी संध्याकाळच्या आत सुटणारच.

राजा म्हणाला, "सुटला तर सुटला. घळ रिकामी आहे. पाणवड्यात दवंडी द्या, माणसं उंचावर जाऊ देत." वाईट वेळ आली तरी अजून त्याला वाटत होतं की नुकसान नाइकाचं आहे.

एवढ्यात सोंडेवर मेंढ्या घेऊन उभा असलेला एक धनगर ओरडत खाली आला. घळीत दोन बायका आहेत म्हणाला. एक म्हातारी आणि एक अवघडलेली. राजानं वाकून बघितलं. घळीच्या पार खालच्या वळणावर काळी घोंगडी दिसत होती, तोंड दिसत नव्हतं. पण एक पाय जरा बाहेर टाकत चालायची सवय पोवळाला लहानपणापासून होती. राजानं चालीवरून लेक ओळखली.

माणूस धाडून उपयोग नव्हता, ती धावू शकत नव्हती आणि कडे चढू शकत नव्हती. मग त्यानं पाथरवटांना विचारलं, "इथला भार कमी कसा होईल?" म्हाताऱ्या पाथरवटानं बांधाच्या त्या टोकाकडे बोट केलं. तिकडून बांध फोडला तर पाणी तिकडं ओढ घेईल, इथला जोर उतरेल.

कारभारी मधे पडला. "महाराज, त्या टोकाखाली वाडा आहे. खजिना आहे, गादी आहे, पेठ आहे. राज्यच आहे तिथं."

"माणसं आहेत," राजा म्हणाला. "माणसं आधी काढा. गुरं काढा. बाकी राहू दे."

नगारा वाजला. लोक पोरंबाळं काखेला मारून, शेरडं-करडं ओढत टेकडीवर चढले. गुणाई राणी शेवटी आली, दासीच्या तान्ह्या पोराला कडेवर घेऊन. पेठ रिकामी झाल्याची खूण मिळाली तरी पहार घ्यायला कुणी पुढं होईना. राजाच्या वाड्यावर पाणी सोडायचं म्हणजे काय खेळ आहे का? मग राजानंच पहार घेतली. ज्या बांधावर उभा राहून "कुणाचं तळं" म्हणायचा, त्याच बांधावर तो घाव घालू लागला. पागोटं सुटून डोळ्यांवर आलं ते त्यानं फेकून दिलं. हात सोलवटले. त्याला बघून पाथरवट आले, मग पेठेतले लोक आले. ज्यांची घरं खाली होती तेच लोक, बरं का.

बांध फुटला. पाणी वाड्यावर गेलं. पागा गेल्या, पेठ गेली, मोर-पोपटांचा तो पाळणा गेला. लोक टेकडीवर उभे राहून बघत होते आणि रडत होते. राजानं मात्र तिकडं वळून पाहिलं नाही. सांडव्याजवळचा पाझर मंदावलेला दिसला तसा तो अनवाणी, उघड्या डोक्यानं घळीत उतरला आणि धावत सुटला.

पोवळा एका दगडाला टेकून बसली होती. कळा सुरू झाल्या होत्या. चिखलानं माखलेला, हाताला रक्त लागलेला माणूस समोर बघून म्हातारी मोलकरीण घाबरली. पोवळानं ओळखलं.

"आबा? मुराळी कोण आलंय?"

"मीच आलोय."

तिनं त्याच्या डोक्याकडं बघितलं, पायांकडं बघितलं. मग म्हणाली, "उशीर केलात."

"हो," राजा म्हणाला. "केला."

एवढंच दोघांचं बोलणं. त्यानं तिला लहानपणी घ्यायचा तशी हातांवर उचलून घेतली आणि घळ चढून आणली. सोंडेवरच्या धनगराच्या पालात ती बाळंत झाली. मुलगी झाली. गुणाईनं बाळाला आपल्या पदरात गुंडाळलं. तिन्हीसांजेला अंतोजी नाईक धापा टाकत येऊन पोहोचला. सून घरात नाही हे कळल्यापासून तोही घळीतून धावतच आला होता. त्यानं फुटलेला बांध पाहिला, वाड्याच्या जागी पाणी पाहिलं आणि काय झालं ते त्याला कुणी सांगायची गरज पडली नाही. दोघा व्याह्यांची गळाभेट तिथं झाली. आधी पाऊल कुणी टाकलं म्हणाल, तर ते कुणालाच सांगता येत नाही, कारण सगळे बाळाकडं बघत होते.

पण राज्य गेलं ते गेलंच. गोड शेवट ऐकायची सवय असते लोकांना, म्हणून सांगतो. खजिना वाहून गेला, सैन्य पांगलं, शेजारच्या राजानं वर्षाच्या आत मुलूख घेतला. कारभारी नव्या धन्याकडं गेला. आणि लोक काही लगेच जयजयकार करत नव्हते. चिवट्याबाई नावाची एक कासारीण सगळ्यांदेखत त्याला म्हणाली, "लेक तुझी वाचली, चांगलं झालं. पण तू सांडवा बुजवला नसतास तर माझं घर कशाला गेलं असतं?" राजा मान खाली घालून "खरं आहे" म्हणाला. पुढं तिचं नवं घर उभं राहिलं तेव्हा भिंतीचा चिखल त्यानं तुडवला, असं तिच्या वंशातले लोक अजून सांगतात, आणि जरा तोऱ्यातच सांगतात.

बुजवलेला सांडवा त्यानं पाऊस उघडल्यावर मोकळा केला. पलीकडचं खिंडार बुजवायला दगड हवा होता आणि याच्याकडं आता खाण नव्हती की गाड्या नव्हत्या. तेव्हा पाणवड्याचे लोक आपल्या खाणीतला जांभा घेऊन आले. नाईक स्वतः गाडी हाकत आला. म्हणून तो तांबडा तुकडा. मघाशी विचारलंत ना, ते हे.

राजा मग इथंच, सांडव्यावर झोपडी बांधून राहिला. तळ्यावर देखरेख करायची, सांडव्यात अडकलेला पालापाचोळा काढायचा. कुणी महाराज म्हटलं तर ओ देत नसे. पण पंचमी जवळ आली की सकाळी अंघोळ करून, उघड्या डोक्यानं, अनवाणी घळीतून पाणवड्याला निघायचा. चुलतभाऊ म्हणायचे, "आम्ही आहोत की, तुम्ही कशाला?" तो ऐकायचा नाही. म्हातारा झाला, गुडघे गेले, काठी आली, तरी मुराळी तोच. पोवळाच्या दारात उभा राहिला की ती हातातलं काम टाकून बाहेर यायची.

आजही आमच्या गावात लेकीला आणायला भाऊ जात नाही, बाप जातो. बाप नसेल तर आई जाते. डोक्याला टोपी-पागोटं घालत नाहीत, आणि दारात गेल्यावर पायातल्या चपला काढतात. "कधी येतेस" असं लेकीला विचारायचं नाही, तिच्या सासरचा निरोप यायची वाट बघायची नाही. सांडवा वाहायला लागला की उठायचं आणि निघायचं. कामाला मुंबईला असलेली माणसंसुद्धा त्यासाठी सुट्टी काढतात. साहेब विचारतो कसली सुट्टी, तर काय सांगणार त्याला.

माझी लेक सुनंदा दुबईला असते. नवरा तिकडं कामाला आहे. ती फोनवर ओरडते, "आप्पा, तुमचं वय काय, मी पुण्याहून गाडी करून येते ना सरळ." मी हो म्हणतो आणि आदल्या दिवशीच येष्टीत बसतो. विमानतळावर आत सोडत नाहीत. बाहेर लोखंडी कठड्यापाशी उभा राहतो. सगळे हातात नावाच्या पाट्या घेऊन उभे, मी चपला काढून उभा. तिथला शिपाई एकदा म्हणाला, "काका, पाय गारठतील." दाराच्या काचेतून माणसं येत राहतात, येत राहतात, मग सामानाची गाडी ढकलत ती येते. लांबून मला बघते. मी पहाटेपासून तिथं उभा असतो हे तिला चांगलं ठाऊक असतं. तरी जवळ येऊन, पाया पडायच्या आधी, ती डोळे पुसत म्हणते,

"उशीर केलात, आप्पा."

आणि मी म्हणतो, "हो बाळा. केला."